वरची रांग

फ्लेन्सबुर्गच्या दवाखान्यात, तळमजल्यावर,
खिडकी नसलेल्या खोलीत
मी दर मंगळवारी एका माणसाच्या डोळ्यातले ठिपके लावते.
साठ आहेत. सहा ओळी, ओळीत दहा.
तांदळाच्या दाण्याएवढी चकती, पडद्याला टाचलेली.
एकेका ठिपक्याला चिमूटभर वीज सोडते
आणि विचारते,
दिसलं?
नाही.
आता?
हं. डावीकडे. भट्टीतून ठिणगी उडते तशी.

मोमे ब्रोडरझेन. हेरिंग धुरावण्यात हयात गेली,
त्यामुळे त्याच्या सगळ्या उपमांना धुराचा वास.
नजर कडेकडून आकसत आली,
तापल्या दुधावर साय गोळा व्हावी तशी.
शेवटी नाण्याएवढी उरली.
तीही खर्च झाली, म्हणाला, कशावर ते आठवत नाही.

काय पाहायचंय, असं सगळेच विचारतात.
वर्तमानपत्रातल्या मुलीला नातीचा चेहरा हवा होता.
तो म्हणाला, दार.
उघडं दार चालतं, बंद दारही चालतं,
अर्धं उघडं दार माणसाचा वैरी असतं.
कपाळावरच्या तीन खोका त्यानं मला बोटानं मोजून दाखवल्या,
तिन्ही घरातल्याच.

मग आम्ही दारंच केली.
काळ्या पुठ्ठ्यावर पांढरी पट्टी, पट्टी तिरकी, पट्टी नाही.
चष्म्यातला कॅमेरा डोळ्यांबरोबर फिरत नाही,
मान फिरवावी लागते, डावीकडे, उजवीकडे,
नाही-नाही म्हणावं तशी.
जे आहे, त्यालाही नाही म्हणतच शोधायचं.
चौथ्या महिन्यात त्याला खरं दार सापडलं.
तरीही जाऊन धडकलाच,
मुद्दाम, हलकेच,
जुनी ओळख असल्यासारखा.

चेहरे येत नाहीत. हे मी पहिल्याच दिवशी सांगते,
सही घेण्याआधी.
टेल्से स्वयंपाकघरात आली तर एक उंच काळोख येतो,
काळोखातला काळोख, पण हलणारा.
एकदा ती काळ्या कपाटासमोर उभी राहिली.
त्याच्या वरच्या रांगेत चार ठिपके पेटले.
मान हलवली, गेले. परत आणली, आले.
सतरा वर्षं ती सांगत आलीये,
केस अजून बदामी आहेत, एखादा सोडून.

त्यानं हे मला सांगितलं.
तिला सांगितलेलं नाही.
सांगू नका, असंही मला म्हणाला नाही,
नुसता हसला, कमरेच्या पट्ट्यातली बॅटरी चाचपत.
आता कारण काढून तिला कपाटापाशी पाठवतो,
बशी आण, मीठ आण,
मीठ त्याच्या हाताशीच असतं.

मार्चमध्ये कंपनीचं पत्र आलं.
आमचं लक्ष यापुढे नव्या क्षेत्रांकडे, वगैरे.
सुटे भाग संपेपर्यंत मिळतील.
मी तीन केबल आणि एक चष्मा
माझ्या कपाटात, जिमच्या बुटांमागे ठेवलाय.
त्याची नोंद कुठेच नाही.
गेल्या मंगळवारी साठांतले एक्केचाळीस बोलले.

पत्र मीच वाचून दाखवलं. तो शांत होता.
अंधार माझा जुना आहे, म्हणाला,
त्याला वॉरंटी लागत नाही.
मग बराच वेळ काही नाही.
मग, उगाच विचारल्यासारखं,
आधी कुठले जातील, काही ठरवता येतं का?

नाही, म्हणाले मी.
यंत्राच्या बाबतीत हे खरं आहे.

आज वीज सोडताना मी खालून सुरुवात केली.
तळातल्या ओळींना नेहमीइतकी,
वरच्या रांगेला सावकाश,
पाळण्यातलं मूल जागं होऊ नये म्हणून दिवा लावावा
इतपतच.

दिसलं?
थांबा.
आता?
थांबा ना.
तो मान हलवत होता,
नाही-नाही,
नाही,
समोर माझी नुसती भिंत असताना.